लिव्ह की लीव्ह? सारखे वाटणारे इंग्रजी शब्द वेगळे करायला शिकताना

बारावी झाल्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून मी पहिल्यांदा नागपूरला मुलाखतीला गेलो. समोरच्या साहेबांनी विचारलं, ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ मी उत्तर दिलं, ‘फ्रॉम बस स्टँड, सर.’ राहता कुठं, असं ते विचारत होते. मला ऐकू आलं, निघता कुठून. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. परतीच्या एसटीत वर्धा येईपर्यंत माझी चूक माझ्या लक्षातही आली नव्हती. लक्षात आली तेव्हा फार लागली, कारण ते दोन्ही शब्द मला येत होते. स्पेलिंग येत होतं, अर्थ येत होता. शाळेच्या पेपरात आले असते तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

त्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झालं. तरी आज संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणारी पोरं-पोरी तिथंच अडखळतात. म्हणून नव्यानं इंग्रजी शिकणाऱ्याला मी आधी एकच गोष्ट सांगतो. बाजारात मिळणारी ‘गोंधळाच्या शंभर जोड्या’ असली यादी पाठ करू नका. आपण मराठी कानानं ऐकतो, देवनागरी डोळ्यांनी वाचतो आणि मराठीतून विचार करतो. गोंधळ तिथून येतो, आणि तो सोडवायचं साधनही बहुतेक वेळा आपल्या मराठीतच असतं.

सुरुवात करण्याआधी एक शंभर पानी वही घ्या. या लेखात इंग्रजी शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्येक शब्दापुढं त्याचं इंग्रजी स्पेलिंग तुम्ही स्वतःच्या हातानं लिहायचं. अडलं तर डिक्शनरी उघडायची, पण दुसऱ्याच्या वहीतून उतरवायचं नाही.

पहिली पायरी : चूक कुठली ते ओळखा

पहिल्या वेच्याचा कापूस आणि फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर उभ्या पिकाचा, कापूस आपण एका गंजीत टाकत नाही. चुकांचंही तसंच करा. शब्द कागदावर पाहिला की ओळखता येतो, पण ऐकला की दुसराच वाटतो, तर ती कानाची चूक. ऐकून बरोबर समजतो, लिहिताना मात्र हात चुकतो, तर ती डोळ्याची. ऐकता येतो, लिहिता येतो, पण वाक्यात हा घालू की तो, हेच कळत नाही, तर ती अर्थाची. तिघींचं औषध वेगळं आहे. माझी चूक कानाची होती आणि मी इतकी वर्षं स्पेलिंग घोकत होतो.

दुसरी पायरी : कान तयार करा

वहीच्या पहिल्या पानावर ‘वेस्ट’ असं देवनागरीत लिहा. आता सांगा, हा कोणता शब्द? पश्चिम दिशा? वाया गेलेलं? कंबर? की अंगातली बंडी? इंग्रजीत हे चार शब्द आहेत, चार स्पेलिंगं आहेत आणि उच्चार तीन आहेत. आपण चारही एकाच अक्षरात कोंबतो. ‘टेस्ट’ म्हणजे परीक्षा की चव? ‘पेन’ म्हणजे लिहायचा की दुखणं? ‘गेट’, ‘लेट’, ‘सेल’, ‘मेन’, सगळ्यांची हीच गत. देवनागरी सगळं उच्चाराप्रमाणे लिहिते असं आपण मानतो. मराठी उच्चारांपुरतं ते बरंचसं खरं आहे. इंग्रजीचे दोन वेगळे ‘ए’ तिच्या एका मात्रेत बसत नाहीत.

यावर मी पोरांना एक खूण शिकवतो. इंग्रजीतला लांब ‘ए’ हा खरं तर ‘ए’वरून ‘इ’कडे घसरत जातो. म्हणून वहीत तो ‘एइ’ असा लिहायचा. लिहायचा पेन तो ‘पेन’, दुखणं ते ‘पेइन’. परीक्षा ‘टेस्ट’, चव ‘टेइस्ट’. मिळणं ‘गेट’, फाटक ‘गेइट’. विकणं ‘सेल’, विक्री ‘सेइल’. ओलं ते ‘वेट’. थांबणं आणि वजन दोन्ही ‘वेइट’, त्यांच्यात फक्त स्पेलिंगाचा फरक. ही खूण कुठल्या पुस्तकातली नाही, आपली घरची आहे. पण आठवडाभर अशी लिहा, कान आपोआप ‘इ’ शोधायला लागतो.

‘वेस्ट’मधली उरलेली गाठ ‘व’ची. मराठीत आपण व्होट, व्हॅन, टीव्ही असं ‘व्ह’ लिहितो ते उगाच नाही. ‘व्ह’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. नुसत्या ‘व’ला दात लागत नाहीत, ओठ गोल होतात, चूल फुंकताना होतात तसे. आरशासमोर करून पाहा. बंडी ती ‘व्हेस्ट’, पश्चिम ती ‘वेस्ट’, वाया गेलेलं आणि कंबर ‘वेइस्ट’. झाले चारही वेगळे.

आता माझ्या मुलाखतीचा शब्द. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, पण बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ जवळपास सारखेच म्हणतो. इंग्रजीत तो आळस चालत नाही. लिव्ह म्हणजे राहणं, लीव्ह म्हणजे निघणं किंवा सोडणं. सिट म्हणजे बसणं, सीट म्हणजे बसायची जागा. फिल म्हणजे भरणं, फील म्हणजे वाटणं. हिट म्हणजे मारणं, हीट म्हणजे उष्णता, आणि मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ती वेगळी समजवावी लागत नाही. फरक फक्त लांबीचा नाही. दीर्घ शब्दाला ओठ हसल्यासारखे ताणा, ऱ्हस्वाला ओठ आणि जीभ सैल सोडा. ‘फुल’ म्हणजे भरलेलं आणि ‘फूल’ म्हणजे मूर्ख, इथं ओठ गोल होतात, पण ताण-सैलपणाचा हिशोब तोच.

तिसरी गोष्ट शब्दाच्या शेवटी ऐकायची, ‘स’ आहे की ‘झ’. कापसाचा भाव तो ‘प्राइस’, बक्षीस ते ‘प्राइझ’. तांदूळ ‘राइस’, वर चढणं ‘राइझ’. सैल ते ‘लूस’, हरवणं किंवा हरणं ते ‘लूझ’. या ‘लूस-लूझ’चं स्पेलिंग सगळीकडे चुकतं, कारण हरवण्यात एकच ‘ओ’ आहे आणि उच्चार मात्र लांब आहे. हरवण्याच्या शब्दातला एक ‘ओ’ हरवला, असं आमच्या वर्गातल्या एका पोरीनं शोधून काढलं आणि तेव्हापासून कोणी चुकलं नाही.

यातून एक फार उपयोगी नियम निघतो. काही शब्दांत वस्तूचं नाव असेल तर ‘स’ आणि क्रिया असेल तर ‘झ’ ऐकू येतो. सल्ला तो ‘ॲडव्हाइस’, सल्ला देणं ‘ॲडव्हाइझ’. उपयोग तो ‘यूस’, वापरणं ‘यूझ’. उपकरण ‘डिव्हाइस’, युक्ती योजणं ‘डिव्हाइझ’. घर ‘हाउस’, घरात जागा देणं ‘हाउझ’. ‘यूस’ आणि ‘हाउस’चं स्पेलिंग बदलत नाही, ‘ॲडव्हाइस’ आणि ‘डिव्हाइस’मध्ये मात्र नामाला सी आणि क्रियेला एस. भारतात आपण ब्रिटिश पद्धत वापरतो, म्हणून ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ही याच चालीनं लिहायचे, नामाला सी आणि क्रियेला एस. त्यांचा उच्चार मात्र बदलत नाही.

सराव कसा करायचा? मोबाइलवर आवाजानं टाइप करायची सोय असते. भाषा इंग्रजी ठेवा आणि एकटाच शब्द बोला, ‘पेइन’. पडद्यावर दुखणं उमटतं की लिहायचा पेन, ते पाहा. पूर्ण वाक्य बोलू नका, कारण वाक्यावरून फोन अंदाज बांधतो आणि तुमची चूक झाकून टाकतो. घरी भाऊ-बहीण असेल तर त्याहून बरं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं वहीत बोट ठेवायचं. दहापैकी आठ वेळा बोट बरोबर पडेपर्यंत पुढं सरकू नका.

तिसरी पायरी : डोळ्याच्या चुका फारमवर पकडा

इथं फार वेळ घालवायची गरज नाही. ज्या शब्दांनी खरं नुकसान होतं तेवढे धरा, बाकीचे वाचता वाचता सुधारतात.

आपल्याकडे सगळे ‘फारम भरून राहिलो’ म्हणतात. लिहायला बसलं की तीन शब्द समोर येतात. शेत ते ‘फार्म’, अर्ज तो ‘फॉर्म’, पासून ते ‘फ्रॉम’. शेवटच्या दोघांत अक्षरं तीच चार, फक्त ‘ओ’ आणि ‘आर’ची अदलाबदल. फोनचं स्पेलिंग तपासणारं यंत्र ही चूक बऱ्याचदा सोडून देतं, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

जातीच्या दाखल्यातला ‘कास्ट’ शेवटी ‘ई’ घेतो. ‘ई’ नसेल तर अर्थ होतो टाकणं, साचा, किंवा नाटकातली माणसं. मत टाकण्यालाही तोच बिन-‘ई’चा शब्द. दूधधंद्याच्या कर्जाचा अर्ज लिहिताना ‘डेअरी’ आणि ‘डायरी’ची गल्लत होते. ‘डायरी’ लॅटिनमधल्या दिवस या अर्थाच्या शब्दावरून आली. ‘डी’ नंतर ‘आय’ आला की दिवसाची वही, ‘ए’ आला की दूध. ‘प्रिन्सिपल’ शेवटी ‘पी-ए-एल’ असेल तर मुख्याध्यापक, आणि बँकेच्या कागदावर मुद्दल. ‘पी-एल-ई’ असेल तर तत्त्व. दोघांचा उच्चार एक.

‘स्टेशनरी’ची गोष्ट मला फार आवडते. एक स्टेशनरी म्हणजे वह्या-कागद, दुसरी म्हणजे एका जागी उभी असलेली. दोघी एकाच मुळाच्या. मध्ययुगात युरोपात फिरून माल विकणारे पुष्कळ होते. पुस्तकं विकणारा मात्र विद्यापीठाजवळ पक्कं दुकान घालून बसायचा, म्हणून तो एका जागी स्थिर असलेला ‘स्टेशनर’. आठवडी बाजारातला फेरीवाला आणि पक्क्या गाळ्यातला दुकानदार, तोच फरक. वस्तूंच्या शब्दात शेवटी ‘ई-आर-वाय’ येतं, बेकरीसारखं.

स्पेलिंग इतकं वेडंवाकडं का, असं पोरं विचारतात. इंग्लंडात विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंगं हळूहळू पक्की होऊ लागली. त्याच काळात लोकांच्या तोंडातले लांब स्वर मात्र बदलत होते, आणि पुढं दीड-दोनशे वर्षं बदलत राहिले. कागद मागं राहिला, तोंड पुढं गेलं. तुमची बुद्धी कमी आहे म्हणून ते कठीण जात नाही.

फवारणीच्या डब्यावरचे शब्द मात्र मी प्रत्येकाकडून पाठ करून घेतो, इंग्रजीची आवड असो वा नसो. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. डब्यावर ‘इनफ्लॅमेबल’ असेल तर ‘इन’ म्हणजे नाही असं समजू नका. ‘इनकम्प्लीट’मध्ये ‘इन’ म्हणजे नाही, इथं तसं नाही. ‘फ्लॅमेबल’ आणि ‘इनफ्लॅमेबल’ दोन्हींचा अर्थ चटकन पेट घेणारं. ‘इन्हेल’ म्हणजे श्वासातून आत घेणं, ‘एक्सहेल’ म्हणजे बाहेर सोडणं. ‘अँटिडोट’ म्हणजे विषावरचा उतारा; ‘ॲनेकडोट’ म्हणजे किस्सा. डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सर्वांत जहाल आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. हिरवा म्हणजे निर्धोक, असा त्याचा अर्थ नाही.

‘एक्स’ म्हणजे बाहेर हे इथं कळलं की ‘एक्सेप्ट’ आणि ‘ॲक्सेप्ट’ही सुटतात. ‘एक्स’वाला वगळतो, ‘ॲ’वाला स्वीकारतो.

चौथी पायरी : अर्थ आपल्या मराठीवर घासून पाहा

हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे, कारण इथं मराठी आपल्याला कमी पडत नाही, उलट हात देते. सी, लुक आणि वॉच या तिघांना पुस्तकं सरळ ‘पाहणे’ म्हणून मोकळी होतात. पण आपल्याकडे ‘दिसणं’ आहे ना! न ठरवता नजरेस पडलं तर ‘दिसलं’, ते सी. मुद्दाम नजर वळवली तर ‘बघितलं’, ते लुक. काही घडत असताना बघत राहिलं तर वॉच. साप दिसतो, फळ्याकडे बघतो, मॅच बघत बसतो. ‘ऐकू येणं’ आणि ‘ऐकणं’ यांचंही तसंच, पहिलं हिअर, दुसरं लिसन.

बॉरो आणि लेंडमध्ये तर भले भले चुकतात. मराठीत उसनं घेणं आणि उसनं देणं असे दोन वेगळे व्यवहार आहेत. घेणं ते बॉरो, देणं ते लेंड. शेजारच्या काकूंकडून तुम्ही वाटीभर साखर बॉरो करता, काकू तुम्हाला ती लेंड करतात. ब्रिंग म्हणजे आण, टेइक म्हणजे ने. ‘डबा आण’ आणि ‘डबा ने’ यात आपण कधी चुकतो का?

याहून मोठी किल्ली मराठी क्रियापदातल्या ‘व’मध्ये आहे. शिकणं आणि शिकवणं म्हणजे लर्न आणि टीच. उठणं-उठवणं किंवा वाढणं-वाढवणं म्हणजे राइझ आणि रेइझ. भाव आपोआप वाढला तर राइझ, कोणी वाढवला तर रेइझ. बसणं-बसवणं म्हणजे सिट आणि सीट, कारण सीटचा अर्थ बसवणं असाही होतो. आठवणं म्हणजे रिमेंबर, आठवण करून देणं म्हणजे रिमाइंड. पडणं म्हणजे फॉल आणि झाड पाडणं म्हणजे फेल, त्याच्या शेवटी दोन ‘एल’. हाच शब्द फॉलचा भूतकाळही आहे, तेवढं ध्यानात ठेवा. क्रिया आपोआप होते की कोणी करवतं, एवढा एकच प्रश्न विचारायचा.

मराठी जिथं फसवते त्या जागाही सांगतो. ‘तो मला म्हणाला’ यावरून आपण ‘ही सेड मी’ म्हणतो. सेला ‘टू’ लागतो, ‘ही सेड टू मी’. टेलला लागत नाही, ‘ही टोल्ड मी’. म्हणून म्हणणं ते से, सांगणं ते टेल, पण ‘मला’ आलं की थांबून पाहायचं.

दुसरी फसवणूक ‘पासून’ची. आपण पोळ्यापासून म्हणतो आणि तीन आठवड्यांपासूनही म्हणतो. इंग्रजीत पहिलं सिन्स, दुसरं फॉर. ‘पासून’च्या आधी सण, वार, साल अशी एक खूण असेल तर सिन्स, मोजलेला काळ असेल तर फॉर. दोन्हींच्या आधी वाक्यात बहुतेक वेळा ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’.

तिसरी जागा खास आपल्या वऱ्हाडीची. ‘मी जाऊन राहिलो’ हे इंग्रजीच्या ‘आय ॲम गोइंग’शी तंतोतंत जुळतं. पुण्याकडच्या पुस्तकांतलं ‘मी जात आहे’ आपल्या पोरांना परकं वाटतं, म्हणून मी ‘करून राहिलो’ यावरूनच हा काळ शिकवतो आणि तो त्यांना एका दिवसात येतो. पण ‘मले समजून राहिलं’ याचं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ करू नका. समजणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं, जवळ असणं ही मनाची किंवा मालकीची स्थिती इंग्रजीत साध्या काळात राहते, ‘आय अंडरस्टँड’, ‘आय नो’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

आणखी एक, दवाखान्यात उपयोगी पडणारं. आपला ‘पाय’ कमरेपासून बोटांपर्यंत एकच. इंग्रजीत घोट्याच्या वर लेग, खाली फूट. हाताचं बोट फिंगर, पायाचं टो. घरभाडं रेंट, एसटीचं भाडं फेअर.

पाचवी पायरी : तोंडातले इंग्रजी शब्द तपासा

काही शब्द आपण रोज वापरतो म्हणून ते इंग्रजीच आहेत असं वाटतं. कंट्रोलचं धान्य आपण आणतो, पण बाहेरच्याला ‘कंट्रोल’ म्हटलं तर नियंत्रण समजेल. तिथं ‘रेशन शॉप’ म्हणा. ‘लाइन गेली’ म्हणजे इंग्रजीत ‘पॉवर’ गेली. हॉटेलात आपण चहा-भजी खातो, इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, खाण्याचं ते ‘रेस्टॉरंट’. घराच्या ‘बॅकसाइडला’ असं तर मुळीच लिहू नका. त्या शब्दाचा इंग्रजीत माणसाच्या बसायच्या भागाशी संबंध आहे. ‘बिहाइंड द हाउस’ म्हणा.

सहावी पायरी : जोडी एकत्र शिकू नका

माझा हा सल्ला पुष्कळांना उलटा वाटतो. दोन सारखे शब्द एकाच दिवशी, समोरासमोर लिहून पाठ केले की ते एकमेकांत अडकतात, आणि परीक्षेत दोन्ही सोबतच आठवतात. आधी एकच धरा. या आठवड्यात फक्त ‘इफेक्ट’, म्हणजे परिणाम, नाम. ‘द इफेक्ट ऑफ रेन’ अशी आपल्या शेतातली पाच वाक्यं करा. तो मुरला की आठ दिवसांनी, वहीच्या वेगळ्या पानावर ‘अफेक्ट’, म्हणजे परिणाम करणं. मागं ‘द’ लावता येतो तो बहुधा इफेक्टच असतो.

वाक्यं आपल्याच घरची असू द्या. पुस्तकातल्या जॉन आणि मेरीपेक्षा आपली विहीर, आपली तूर, आपली बहीण लवकर लक्षात राहते.

आता खालची पाच वाक्यं उत्तरं झाकून इंग्रजीत करा. विहिरीजवळ मला साप दिसला. आई तीन महिन्यांपासून शिवणं शिकून राहिली. मामांनी मला पाचशे रुपये उसने दिले. भाव वाढला, म्हणून त्यांनी मजुरी वाढवली. सकाळपासून लाइन नाही.

पहिलं, ‘आय सॉ अ स्नेइक नियर द वेल’. इथं ‘स्नॅक’ म्हटलं तर फराळ होतो. दुसरं, ‘मदर हॅज बीन लर्निंग टू सो फॉर थ्री मंथ्स’; शिवण्याच्या ‘सो’मध्ये मधलं अक्षर ‘ई’, पेरण्याच्या ‘सो’मध्ये ‘ओ’. तिसरं, ‘माय अंकल लेंट मी फाइव्ह हंड्रेड रुपीज’. चौथं, ‘द प्राइस रोझ, सो दे रेइझ्ड द वेइजेस’. भाव आपोआप, मजुरी कोणीतरी वाढवलेली. पाचवं, ‘देअर हॅज बीन नो पॉवर सिन्स धिस मॉर्निंग’. फॉर लिहिलं असेल तर चौथ्या पायरीतला ‘पासून’ पुन्हा वाचा.